ताई हसल्या नाहीत, म्हणून जाहिरात पडली का?

मेथीदाणा | सोमवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मार्केट रिसर्चमध्ये आहे. जाहिरात टीव्हीवर किंवा यूट्यूबवर जायच्या आधी ती लोकांना दाखवून बघायची, हे आमचं काम. पूर्वी त्यासाठी एखादं कार्यालय नाहीतर शाळेचा हॉल घ्यायचो. बायकांना बोलवायचं, चहा-बिस्किट, जाहिरात, प्रश्न, जाताना हातात एक डबा. २०२० च्या मार्चमध्ये ते बंद पडलं आणि त्यातलं बरंचसं परत आलंच नाही. आता लिंक जाते. बाई आपल्या घरी, आपल्या फोनवर जाहिरात बघते. तिने परवानगी दिली तर फोनचा कॅमेरा चेहरा टिपतो आणि सॉफ्टवेअर सेकंदासेकंदाचा आलेख काढतं. इथे हसली, इथे भुवया आक्रसल्या, इथे नजर हटली.

गेल्या महिन्यात एका मसाल्याच्या जाहिरातीचं काम होतं. (नाव विचारू नका.) तीस सेकंद. सून आमटी करते, सासूबाई वाटी तोंडाला लावतात, काही बोलत नाहीत, नुसती रिकामी वाटी पुढे करतात. सून वाढते. शेवटी पाकीट. सातारा, सोलापूर, नाशिक मिळून साठ घरं. निम्म्यांना ही जाहिरात, निम्म्यांना भलतीच.

आता गंमत बघा. प्रश्नावलीत जवळजवळ सगळ्यांनी 'आवडली' म्हटलंय. चेहऱ्याचा आलेख मात्र सपाट. सासूबाई वाटी पुढे करतात तिथेसुद्धा ढिम्म. आणि सगळ्यात शेवटी आम्ही फोनवर एक लुटुपुटीचं दुकान दाखवतो. फळीवर पाच-सहा कंपन्यांची पाकिटं, खाली भाव, 'यातलं काय घ्याल?' तिथे जाहिरात बघितलेल्यांनी आमचं पाकीट जरा जास्त उचललंय असं मला दिसतं. क्लायंटला दिसत नाही.

क्लायंट म्हणतो आलेख सपाट, जाहिरात मेली. एजन्सी म्हणते बायकांना आवडली, तुमचा कॅमेरा मेला. मी मध्ये. तुम्ही असता तर कोणाचं ऐकलं असतं?

खवचट_काका | सोमवार, रात्री १०:०४

आमची ही मसाल्याची जाहिरात बघून हसत नाही. माझ्याकडे बघूनही एकतीस वर्षांत दोनदाच हसली आहे, त्यातलं एकदा मी पडलो होतो. तुमच्या सॉफ्टवेअरने मला केव्हाच बाद ठरवलं असतं. हलके घ्या.

गवतीचहा | सोमवार, रात्री १०:११

वाचतेय. रिकामी वाटी पुढे करणाऱ्या सासूबाईंना +१.

संत्र्याची_फोड | सोमवार, रात्री १०:४०

मी नागपूरची. दोन वर्षांपासून भरून राहिली मी असे सर्व्हे. ॲपवर पॉइंट जमतात, मग रिचार्ज. (एका ॲपने माझे आठशे पॉइंट खाल्ले. नाव नाही सांगत, अजून आशा आहे.)

तुम्ही म्हणता सगळ्यांनी 'आवडली' लिहिलं. लिहिणारच ना जी! 'आवडली नाही' दाबलं का खाली चौकट उघडते, 'का आवडली नाही ते सविस्तर लिहा'. कोण लिहीत बसते? 'आवडली' दाबलं का पुढचा प्रश्न. कुकरच्या दोन शिट्ट्यांत सर्व्हे संपवायचा असते.

आणि पहिलेच विचारतात, घरी कोणी जाहिरात कंपनीत, पेपरात, सर्व्हेवाल्या कंपनीत आहे का. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, दीर पेपरात आहे. 'धन्यवाद, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.' तेव्हापासून माझा दीर बेरोजगार आहे.

मेथीदाणा | सोमवार, रात्री १०:४८

दीर बेरोजगार :)) हे उद्या ऑफिसात सांगणार. रडू की हसू कळत नाही, कारण आमच्या साठांत असे किती दीर बेरोजगार असतील देव जाणे.

चौकटीचं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं. पुढच्या वेळी 'आवडली' म्हणणाऱ्यांनाही तीच चौकट देणार. त्रास द्यायचा तर दोघांना सारखा.

गुणोत्तर | सोमवार, रात्री ११:२०

चेहरा राहू द्या बाजूला, आधी साठचं बोलू. निम्मे इकडे निम्मे तिकडे म्हणजे तीस आणि तीस. दोन गटांत खरा फरक शून्य असला तरी निव्वळ योगायोगाने, कोणतं पाकीट उचललं याच्या टक्केवारीत वीस-पंचवीस अंकांपर्यंतचा फरक सहज दिसू शकतो. म्हणजे एका गटात ४० टक्क्यांनी उचललं आणि दुसऱ्यात ५५, तरी मी बोलणार नाही. चाळीसवरून पन्नासवर गेलं हे छातीठोक सांगायचं असेल तर प्रत्येक गटात चारशेच्या आसपास माणसं हवीत.

तेव्हा दुकानाच्या बाबतीत क्लायंटचं बरोबर आहे: त्याला फरक दिसत नाही, कारण दिसण्याइतकी माणसंच नाहीत. पण यावरून 'जाहिरात मेली' म्हणणं हे त्याहून चूक. तीस माणसांत जाहिरात मेली हेही सिद्ध होत नाही आणि जगली हेही नाही.

घरून होणाऱ्या चाचणीचा खरा फायदा हाच आहे. हॉलमध्ये आठशे बायका आणायच्या तर चहावालाच श्रीमंत होईल. लिंक आठशे जणींना पाठवता येते. तुम्ही लिंक वापरून हॉलच्या आकड्याचा अभ्यास केलात.

मेथीदाणा | सोमवार, रात्री ११:३१

बजेट! कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरचं बिल माणशी लागतं. तेच साठांवर संपलं.

गुणोत्तर | सोमवार, रात्री ११:३४

मग कॅमेरा सोडा, माणसं वाढवा. झोपतो.

तिरपी_मान | मंगळवार, सकाळी ७:१५

'नजर हटली' या शब्दांवर एक तांत्रिक शंका. फोनचा किंवा लॅपटॉपचा साधा कॅमेरा वापरून नजर कुठे आहे हे ओळखणारी साधनं आहेत, ब्राऊन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ मध्ये वेबगेझर नावाचं फुकट उपलब्ध केलंय. आधी पडद्यावर ठिपके दाखवतात, तुम्ही त्यांच्याकडे बघायचं, त्यावरून ते शिकतं. कल्पना झकास आहे. पण प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र साधारण अर्ध्या अंशापर्यंत चुकतं, साधा कॅमेरा चार अंशांच्या आसपास.

चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात. फोन डोळ्यांपासून एक फुटावर धरलात तर चार अंश म्हणजे पडद्यावर दोन सेंटिमीटर. फोनची रुंदी सात. म्हणजे ताई आमटीकडे बघत होत्या, सासूबाईंकडे की पाकिटाकडे, हे तो कॅमेरा सांगू शकत नाही. फोनकडे बघत होत्या की दाराकडे, एवढंच कळेल.

शिवाय ट्यूबलाइट डोक्यामागे, फोन तांब्याला टेकवलेला, मान तिरपी, मध्येच चहाचा कप ओठांसमोर. कप आला की हसू गेलं. आलेखात त्या दोन सेकंदांना काय म्हणतात?

मेथीदाणा | मंगळवार, सकाळी ९:०२

'चेहरा सापडला नाही.' आणि किती टक्के वेळ चेहरा सापडला नाही हे अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते पान तुम्ही लिहिल्यावर आत्ता उघडलं. सांगण्यासारखं नाहीये.

मराठीचा_नांगर | मंगळवार, सकाळी ९:३०

धागा रोचक आहे, पण क्लायंट, एजन्सी, बजेट, सॉफ्टवेअर? अशील, संस्था, अंदाजपत्रक आणि आज्ञावली म्हटलं असतं तर कॅमेरा बंद पडला असता का?

खवचट_काका | मंगळवार, सकाळी ९:३३

कॅमेऱ्याला काय म्हणायचं ते नाही सांगितलंत नांगरशेठ.

मराठीचा_नांगर | मंगळवार, सकाळी ९:४१

प्र. का. टा. आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

अबकड | मंगळवार, दुपारी १२:१०

मानसशास्त्र शिकवते, म्हणून चार ओळी जास्त लिहिते.

चेहरा वाचण्याच्या या धंद्याचा पाया पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांच्या १९७८ च्या पद्धतीत आहे. चेहऱ्याचा कुठला स्नायू हलला की काय दिसतं, याची त्यांनी बारकाईने यादी केली. ती यादी उत्तम आहे आणि सॉफ्टवेअर ते काम बऱ्यापैकी करतं: ओठांचे कोपरे वर गेले, भुवया जवळ आल्या. घोळ त्यापुढच्या पायरीवर आहे. कोपरे वर गेले म्हणजे आनंद झाला, भुवया जवळ आल्या म्हणजे राग आला, हे कोणी सांगितलं? लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हजारावर शोधनिबंध चाळून यावर मोठा आढावा लिहिला. माणसं रागावलेली असताना कपाळाला आठ्या घालतात हे खरं, पण साधारण ३० टक्के वेळाच. उरलेल्या वेळी चेहरा वेगळंच काही करतो. आणि आठ्या राग नसतानाही पडतातच, आमच्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी नुसतं लक्षपूर्वक ऐकताना इतक्या आठ्या घालते की मला दरवेळी वाटतं माझं काहीतरी चुकलं.

दुसरा एक जुना अभ्यास मला फार आवडतो. क्राउट आणि जॉन्स्टन, १९७९. बोलिंग खेळणाऱ्यांचे चेहरे त्यांनी दोन्ही बाजूंनी टिपले. चेंडू छान लागला तरी पिनांकडे तोंड असताना खेळाडू फारसे हसत नव्हते. मित्रांकडे वळले की हसत होते. हसू बरेचदा आनंदाचं नसतं, कोणाला तरी दाखवायचं असतं. घरात एकटी बसून फोनवर आमटीची जाहिरात बघणारी बाई कोणाला दाखवायला हसेल?

पिंपळपान | मंगळवार, दुपारी १:२५

सगळंच मोडीत काढू नका हो. मी या क्षेत्राच्या कडेकडेने काम केलंय, दुसरी बाजू मांडतो. अफेक्टिवा ही कंपनी २००९ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघाली. त्यांनी मार्च २०११ मध्ये फोर्ब्सच्या संकेतस्थळावर सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) तीन जाहिराती ठेवल्या आणि लोकांना विचारलं, कॅमेरा चालू करून बघता का? दोन महिन्यांच्या आत ३,२६८ चेहऱ्यांच्या वापरण्याजोग्या चित्रफिती गोळा झाल्या. लोकांच्या घरांतून, त्यांच्याच उजेडात. प्रयोगशाळेत एवढी माणसं बसवायला वर्ष लागलं असतं.

पण त्या जाहिराती गमतीच्या होत्या. हसू हा चेहऱ्यावरचा सगळ्यात ठळक बदल, यंत्राला सगळ्यात सोपा. विनोदी जाहिरातीत हसू आलं नाही तर काळजी करा. मेथीदाणा यांच्या जाहिरातीत विनोद आहे कुठे? आतून काहीतरी हलावं अशी ती जाहिरात आहे, तिला हसण्याच्या मीटरने मोजलं. थर्मामीटरने वजन केलं आणि म्हणाले वजन नाही.

ताकपिठलं | मंगळवार, दुपारी २:००

पिंपळपान +१. ललिताजी आठवा! ऐंशीच्या दशकातली सर्फची. ती हसायची? भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ठाम बाई, बघणाऱ्याला जरा धाकच वाटायचा. आमच्या आईच्या चेहऱ्याचा तेव्हा आलेख काढला असता तर सरळ रेघ. आणि आजही सस्ती चीज आणि अच्छी चीज यातला फरक ती आम्हाला ऐकवते.

दहिवडा | मंगळवार, दुपारी २:१८

निरमाची फ्रॉकवाली मुलगी पण. आणि विको! थिएटरात इंटरव्हलनंतर. आता पोरांना 'स्किप'चं बटण येईपर्यंत पाच सेकंद जीव जातो.

खवचट_काका | मंगळवार, दुपारी २:२५

थिएटरवरून आठवलं, ते अमेरिकेत सिनेमात क्षणभर 'पॉपकॉर्न खा' चमकवायचे आणि लोक नकळत उठून पॉपकॉर्न घ्यायचे ना? मेथीदाणाबाई, तसलं काही करा की. आलेखच नको.

अबकड | मंगळवार, दुपारी ३:०५

काका, ती थाप होती. जेम्स विकरी नावाच्या गृहस्थाने १९५७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका थिएटरचे आकडे दिले: पॉपकॉर्नचा खप ५७.५ टक्क्यांनी वाढला, कोकचा १८.१. दशांशासकट. पुढे १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की कामाचा म्हणावा असा विदाच (डेटाच) नव्हता. दशांश मात्र अजून जिवंत आहे, दरवर्षी एक तरी विद्यार्थी तो प्रोजेक्टमध्ये घेऊन येतो.

गुणोत्तर | मंगळवार, दुपारी ३:०९

दशांश बघितला की मी आधी माणसं किती होती ते विचारतो. या धाग्यावरही.

सॅनहोजेची_सून | मंगळवार, रात्री ८:४५

इकडे मी अशाच संशोधनांत अधूनमधून भाग घेते, विद्यापीठांची जास्त असतात. पैसे मिनिटांवर ठरलेले, आधीच सांगतात. मध्येच एक लांबलचक परिच्छेद येतो आणि त्याच्या पोटात लिहिलेलं असतं, 'हे वाचत असाल तर खालच्या प्रश्नाला उत्तर न देता शीर्षकावर टिचकी मारा'. पहिल्यांदा मी फसले. त्या दिवसापासून सगळं वाचते, अगदी नवऱ्याचे मेसेजसुद्धा.

मूळ प्रश्नाबद्दल: मला न्यू कोक आठवतं. कोकाकोलाने जवळपास दोन लाख लोकांना घोट घोट पाजून नवी चव पसंत करून घेतली, २३ एप्रिल १९८५ ला बाजारात आणली आणि ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. लोक खोटं बोलले नव्हते. एका घोटाला नवी चव खरंच गोड लागत होती. 'जुनी कायमची काढून घेतली तर?' हे कोणी नीट विचारलं नाही. प्रश्नाला उत्तर मिळालं, पण दुकानात जे घडणार होतं तो प्रश्नच वेगळा होता. म्हणून माझं मत तुझ्या लुटुपुटीच्या दुकानाला. निदान तिथे पाकीट उचलायचंय.

संत्र्याची_फोड | मंगळवार, रात्री ९:१०

पण त्या दुकानात पैसे कुठे खर्च होऊन राहिले? मी तर तिथे नेहमी सगळ्यात महागडं उचलते. तेवढीच हौस.

मेथीदाणा | मंगळवार, रात्री ९:२२

फोडताई, तुम्ही एकट्या आमचा अख्खा विभाग बंद पाडाल.

(यावर एक उपाय आहे: 'तुम्हाला इतके रुपये दिलेत, जे उचलाल ते खरंच घरी येईल, उरलेले पैसे तुमचे.' मग हात आखडतो. पण पाकिटं कुरिअर करावी लागतात आणि क्लायंट पुन्हा बजेट म्हणतो.)

नेकारकाठ | बुधवार, पहाटे १:३०

स्टुटगार्टहून. युरोपीय संघाच्या नव्या एआय कायद्याने नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत माणसाच्या भावना ओळखणारी यंत्रणा लावायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. जाहिरातींच्या चाचणीवर बंदी नाही, पण समोरच्याला सांगावं लागतं. मायक्रोसॉफ्टनेही २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना सांगणारी सोय आपल्या सेवेतून काढून घ्यायचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपेना त्यावर तुमचा क्लायंट जाहिरात फाशी देतोय.

बोरूताई | बुधवार, सकाळी ११:००

मी निवृत्त. १९८९ पासून फील्डवर होते. पुणे, सांगली, पुढे मराठवाडा. घरोघर. चौकातून निघायचं, उजव्या हाताने वळत जायचं, ठरलेली घरं सोडून बेल वाजवायची. घरात पंखा, गॅस, टीव्ही, फ्रिज काय काय आहे ते मोजायचं, कमावत्या माणसाचं शिक्षण लिहायचं, मग प्रश्न. आमच्यातल्या काही महाभागांनी टपरीवर चहा पीत पंचवीस फॉर्म एकाच हाताने भरलेले मी बघितलेत. मग सुपरवायझर बॅकचेकला जायचा आणि त्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघायची. तेव्हा तुमच्या बेरोजगार दिरांचं मला नवल वाटत नाही, आम्ही अख्खी कुटुंबं निर्माण केली आहेत.

पण एक गोष्ट फील्डवर पहिल्या आठवड्यात शिकले. सून एकटी असताना वेगळी बोलते आणि सासू खोलीत असताना वेगळी. म्हणून मी गेल्या गेल्या सासूबाईंकडे पाणी मागायची. त्या आत गेल्या की महत्त्वाचे दोन प्रश्न उरकायचे. पाणी आलं की म्हणायचं, 'थोडी साखर असेल तर बरं, उन्हातून आलेय.' अजून दोन प्रश्न.

मेथीदाणा, तुमच्या लिंकला पाणी मागता येत नाही. सासू-सुनेची जाहिरात सून घरात बघत होती. शेजारी कोण बसलं होतं?

गवतीचहा | बुधवार, सकाळी ११:०६

!!!

अबकड | बुधवार, सकाळी ११:२०

बोरूताई, साष्टांग. मी बोलिंगचं सांगून 'घरात एकटी बसून' असं लिहिलं. एकटी होती हे मी गृहीतच धरलं. सासू शेजारी असेल तर सासूच्या जाहिरातीवर हसायची काय बिशाद? आणि रडायची तर त्याहून नाही.

ताकपिठलं | बुधवार, सकाळी ११:४४

आमच्याकडे फोन एकच होता तेव्हा तर सगळे डोकी जोडून बघायचे. कॅमेऱ्याला कुठला चेहरा मिळत असेल? माझ्या पुतण्याचाच, तो सगळ्यात पुढे घुसतो.

मेथीदाणा | बुधवार, दुपारी १:१५

बोरूताई, माझ्या पोटात गोळा आला. आम्ही हे विचारलंच नाही. चित्रफिती आहेत. आज संध्याकाळी बसून साठही बघते, मागे कोण दिसतंय ते.

वकीलपत्र | बुधवार, दुपारी १:३२

थांबा. परवानगी घेताना काय लिहिलं होतं?

मेथीदाणा | बुधवार, दुपारी १:४०

'तुमच्या चेहऱ्याचे चित्रण संगणक प्रणालीद्वारे तपासले जाईल.' आणि हो, ते इंग्रजीत होतं. खाली 'मी सहमत आहे' मराठीत.

वकीलपत्र | बुधवार, दुपारी २:०५

मग बघू नका. सल्ला फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती ही मोकळी, विशिष्ट कारणापुरती, समजून-उमजून दिलेली असावी लागते, आणि ती परत घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं. सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे. म्हणजे मराठीत. सोलापूरच्या ताईंनी 'यंत्र बघेल' याला होकार दिलाय, 'ऑफिसातली बाई संध्याकाळी बसून बघेल' याला नाही. मागे दिसणाऱ्या सासूबाईंनी तर कशालाच दिलेला नाही. आणि ताकपिठलं यांचा पुतण्या अठराच्या आतला असणार. मुलांच्या वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर त्या कायद्यात वेगळी मनाई आहे.

ताईंना फोन करून विचारा. जुनी पद्धत आहे, कायदेशीर आहे.

मराठीचा_नांगर | बुधवार, दुपारी २:११

आठव्या अनुसूचीच्या मुद्द्यासाठी वकीलपत्र यांना माझ्याकडून श्रीफळ.

दहिवडा | बुधवार, दुपारी ४:३०

अवांतर: यूट्यूब मध्येच विचारतं ना, 'यापैकी कोणत्या ब्रँडची जाहिरात अलीकडे पाहिली?' ते पण हेच का? मी कायम 'यापैकी नाही' दाबतो, लवकर सुटतो.

मेथीदाणा | बुधवार, सायंकाळी ५:००

त्याच कुळातलं. जाहिरात दाखवलेल्यांना आणि दाखवता आली असती पण मुद्दाम दाखवली नाही अशांना, दोघांनाही तोच एक प्रश्न. कंटाळून 'यापैकी नाही' दाबणारे दहिवडे दोन्ही गटांत सारखेच पडतात, म्हणून वजाबाकीत बरेचसे उडून जातात. तिथे कॅमेरा नाही, चेहरा नाही, माणसं मात्र हजारो. गुणोत्तर खूश होतील.

गुणोत्तर | बुधवार, सायंकाळी ५:०२

झालो.

मेथीदाणा | पुढच्या महिन्यात, गुरुवार, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. कोणी विसरलं नसेल तर हिशेब देते.

चित्रफिती बघितल्या नाहीत. ताईंना फोन केले. सगळ्या सापडल्या नाहीत, पण ज्या बोलल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी सांगितलं की खोलीत कोणी ना कोणी होतं. सासू, नवरा, मुलं. सातारच्या एक ताई म्हणाल्या, 'आईंनाच दाखवत होते, त्यांना मोठ्याने ऐकू जावं म्हणून फोन त्यांच्या हातात दिला होता.' म्हणजे एका घरात आम्ही जो सपाट चेहरा मोजला तो बहात्तर वर्षांच्या सासूबाईंचा होता. आमच्या कागदावर त्या बत्तीसच्या आहेत.

सोलापूरच्या ताईंना विचारलं, जाहिरात आठवते का? लगेच म्हणाल्या, हो हो, ती वाटीवाली. आमच्या ह्यांची आई अगदी अशीच, तोंडाने चांगलं म्हणून म्हणणार नाही. मग कुठल्या मसाल्याची होती विचारलं तर दुसऱ्याच कंपनीचं नाव. सगळ्यात मोठ्या कंपनीचं. आणखीही काहींनी तेच नाव घेतलं.

तेव्हा क्लायंट आणि एजन्सी चेहऱ्यावरून भांडत होते आणि खरं भोक पाकिटाला होतं. पाकीट शेवटच्या दोन सेकंदांत येतं, तोवर ताई सासूच्या आठवणीत गेलेल्या असतात. पुढच्या फेरीत कॅमेरा काढला आणि वाचलेल्या पैशातून प्रत्येक गटात चारशे घेतल्या (नमस्कार, गुणोत्तर). संमती मराठीत. पहिला प्रश्न 'आत्ता खोलीत कोण आहे?' आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न पुन्हा: काल कशाची जाहिरात बघितली? एजन्सीने डबा आणि पाकीट पहिल्या पाच सेकंदांत, फोडणीच्या शेजारी आणून दुसरी आवृत्ती केली आहे. दोन्ही आवृत्त्या सध्या घरोघर गेल्या आहेत. निकाल आला की सांगता येण्यासारखं सांगेन, बाकी करारात अडकलंय.

क्लायंटने सुचवलेला बदलही सांगून टाकते: सासूबाईंना शेवटी हसवा.

ताकपिठलं | गुरुवार, रात्री १०:२२

नको!! हसल्या की त्या सासूबाई राहिल्याच नाहीत.

बोरूताई | गुरुवार, रात्री १०:४०

'खोलीत कोण आहे' याचं उत्तर सासू शेजारी असताना खरं देतील का, तेही बघा. मी असते तर पाणी मागितलं असतं.

संत्र्याची_फोड | गुरुवार, रात्री १०:५१

मेथीदाणा ताई, ती चारशेवाली लिंक नागपूरले नाही आली जी. दिराची शप्पथ, घरात कोणीच पेपरात नाही.